युरोपातला मालक–युनियन संवाद आणि हवामान धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोळशाची खाण बंद करायची, पोलादाची भट्टी बदलायची, गाडीच्या आणि घर तापवायच्या इंधनावर कार्बनची किंमत लावायची, असे निर्णय युरोपात झाले की पहिला फटका कोणाच्या तरी पगाराला बसतो. हे निर्णय होतात तेव्हा मालक आणि कामगार कुठे बसलेले असतात आणि त्यांच्या हातात नेमके काय असते, याची ही उत्तरे आहेत. युरोपात नोकरी करणारे मराठी लोक, इथले युनियन कार्यकर्ते आणि कामगार कायद्याचे विद्यार्थी यांना समोर ठेवून ती लिहिली आहेत.

‘सोशल डायलॉग’ म्हणतात तो कोणाकोणात होतो?

कामगारांच्या बाजूने युरोपियन ट्रेड युनियन कॉन्फेडरेशन, म्हणजे ईटीयूसी, बसते. तिची स्थापना १९७३ ची. मालकांच्या बाजूने तीन संघटना आहेत: मोठ्या उद्योगांची बिझनेसयुरोप, लहान-मध्यम उद्योगांची एसएमईयुनायटेड आणि सार्वजनिक सेवा देणाऱ्यांची एसजीआय युरोप. जानेवारी १९८५ मध्ये युरोपीय आयोगाचे (युरोपीय महासंघाचे कायदे मांडणारी यंत्रणा) तेव्हाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी ब्रसेल्सजवळच्या वाल दुशेस इथे दोन्ही बाजूंना बोलावले. आजच्या पद्धतीची सुरुवात तिथून धरतात.

याशिवाय पोलाद, रसायने, बांधकाम, रेल्वे, वीज अशा एकेका क्षेत्राच्या चाळीसहून अधिक समित्या आहेत. आमच्या मते हवामानाचे खरे तपशील या क्षेत्रीय समित्यांतच नीट बोलले जातात, कारण तिथे समोरासमोर बसलेल्यांना भट्टी म्हणजे काय ते ठाऊक असते.

ईटीयूसीत तुम्ही वैयक्तिक सभासद होऊ शकत नाही. ती देशोदेशीच्या महासंघांचा महासंघ आहे. म्हणून वाटाघाटी सुरू करण्याआधी तिला सगळ्या सभासद संघटनांकडून अधिकार मागून घ्यावे लागतात, आणि मालकांच्या संघटनांचेही तसेच. बोलणी रेंगाळतात त्याचे एक कारण हे.

आयोगाने त्यांना विचारलेच पाहिजे, असा नियम आहे का?

आहे, पण सगळ्या विषयांत नाही. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

युरोपीय महासंघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराचे कलम १५४ सांगते की सामाजिक धोरणाचा प्रस्ताव आणण्याआधी आयोगाने दोन्ही बाजूंशी दोनदा सल्लामसलत करायची. पहिल्यांदा विचारायचे, या विषयात काही करावे का आणि कोणत्या दिशेने. दुसऱ्यांदा प्रस्तावात काय असेल ते दाखवून मत घ्यायचे. त्यावर मालक आणि युनियन म्हणू शकतात, ‘थांबा, हे आम्ही आपसात ठरवतो.’ मग त्यांना नऊ महिने मिळतात. मुदत वाढवायची तर दोन्ही बाजू आणि आयोग यांनी मिळून ठरवावे लागते.

हवामानाचे कायदे मात्र पर्यावरणाच्या कलमाखाली, म्हणजे कलम १९२ खाली येतात. तिथे हा दोन टप्प्यांचा नियम लागू नाही. तिथे युरोपीय आर्थिक आणि सामाजिक समितीचे मत घ्यावे लागते. तिच्या ३२९ सदस्यांमध्ये मालक, कामगार आणि नागरी संस्था असे तीन गट असतात, पण तिचे मत बंधनकारक नसते. थोडक्यात, खाण किंवा कारखाना बंद पाडू शकणारा कायदा एका दाराने येतो आणि कामगारांचा विचारले जाण्याचा पक्का हक्क दुसऱ्या दारावर आहे. या पानावरच्या बहुतेक अडचणींचे मूळ हेच आहे.

दोन्ही बाजूंनी करार केला तर त्याचा कायदा होतो का?

दोन वाटा आहेत. एक, करार आपापल्या देशातल्या संघटनांनी स्वतःच अमलात आणायचा. टेलिवर्क (२००२), कामाचा ताण (२००४) आणि डिजिटलीकरण (२०२०) यांवरचे करार असे आहेत. दुसरी वाट म्हणजे दोघांनी मिळून आयोगाकडे मागणी करायची. आयोग तो करार मंत्रिपरिषदेपुढे, म्हणजे देशोदेशीच्या मंत्र्यांच्या परिषदेपुढे, ठेवतो आणि त्याचा बंधनकारक निर्देश होतो, म्हणजे प्रत्येक देशाला तो आपल्या कायद्यात आणावा लागतो. पालकत्व रजा (१९९६), अर्धवेळ काम (१९९७) आणि मुदतीच्या नोकऱ्या (१९९९) यांचे निर्देश असेच जन्मले.

दुसऱ्या वाटेवर एक मोठा खड्डा आहे. केंद्र सरकारांतल्या कर्मचाऱ्यांना माहिती आणि सल्लामसलतीचा हक्क देणारा करार २०१५ मध्ये झाला, आणि २०१८ मध्ये आयोगाने तो परिषदेकडे पाठवायला नकार दिला. सार्वजनिक सेवांची युनियन ईपीएसयू न्यायालयात गेली. २ सप्टेंबर २०२१ ला युरोपीय न्यायालयाने अंतिम निकाल दिला की करार पुढे पाठवायचा की नाही, हे ठरवण्याची मोकळीक आयोगाला आहे. तेव्हापासून दोघांची सही झाली म्हणजे काम फत्ते, असे कोणी समजत नाही. मालकांच्या बाजूलाही प्रश्न पडतोच: शेवटी पाठवणार नसतील तर सवलत द्यायची कशाला?

टेलिवर्क आणि ‘कामानंतर फोन बंद ठेवण्याचा हक्क’ यावर बंधनकारक करार करण्याचा प्रयत्न नोव्हेंबर २०२३ मध्ये फसला. मार्च २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी आणि आयोगाने नव्या सामंजस्यावर सह्या केल्या आहेत. त्यातून हवामानाच्या विषयावर काही बंधनकारक निघाले, तर ते पहिलेच असेल.

पगार आणि संप यांवर ब्रसेल्समध्ये काहीच ठरत नाही, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे. कलम १५३ च्या पाचव्या परिच्छेदात पगार, संघटना करण्याचा हक्क, संप आणि टाळेबंदी हे विषय वगळले आहेत. २०२२ च्या किमान वेतन निर्देशाने सावधपणे वाट काढली. तो वेतनाचा आकडा ठरवत नाही. सामूहिक करारांखाली ८० टक्क्यांपेक्षा कमी कामगार येत असतील तर त्या देशाने कृती आराखडा करायचा, एवढे सांगतो. हवामानाशी याचा संबंध आहे. जिथे सामूहिक करारांची सवय आहे तिथे खाण बंद करण्याची बोलणी जमतात; जिथे नाही, तिथे समोर कोणी बसायलाच नसते.

मग हवामान धोरणात मालक-युनियनचा हात नेमका कुठे पोचतो?

तीन ठिकाणी: निधीच्या आराखड्यात, देशपातळीवरच्या करारात आणि कारखान्यात.

२०२१ च्या हवामान कायद्याने १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत निव्वळ उत्सर्जन किमान ५५ टक्के घटवायचे आणि २०५० पर्यंत शून्यावर आणायचे असे ठरवले. त्याची सामाजिक बाजू सांभाळायला परिषदेने १६ जून २०२२ ला एक शिफारस मंजूर केली. तिच्यात रोजगार, प्रशिक्षण, सामाजिक सुरक्षा असे सगळे चांगले मुद्दे आहेत. पण ती शिफारस आहे, मोडली तर दंड नाही.

पैसा आला की मात्र अट येते. कोळसा आणि जड उद्योगांवर जगणाऱ्या भागांसाठी जस्ट ट्रान्झिशन फंड आहे, २०१८ च्या किमतीत १७.५ अब्ज युरोंचा. त्याचे प्रादेशिक आराखडे करताना आणि पुढे देखरेख समितीत मालक-कामगार संघटनांना घ्यावेच लागते, आणि समितीच्या प्रत्येक सदस्याला एक मत असते. दुसरा सोशल क्लायमेट फंड: २०२६ ते २०३२ या काळात कमाल ६५ अब्ज युरो, त्यावर प्रत्येक देशाने आराखड्याच्या खर्चाचा किमान २५ टक्के वाटा स्वतः घालायचा. इमारती आणि रस्ते वाहतुकीच्या इंधनावर येणाऱ्या कार्बन किमतीचा भार गरीब घरांवर, छोट्या धंद्यांवर आणि वाहतुकीवर अवलंबून असलेल्यांवर पडू नये, यासाठी तो आहे. थेट रोख मदत आराखड्याच्या अंदाजित खर्चाच्या ३७.५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. बाकीचे घरांच्या दुरुस्तीला, उष्णता पंपांना, सार्वजनिक वाहतुकीला जायला हवे.

या आराखड्यांच्या सल्लामसलतीत गडबड कुठे होते?

वेळेत. सोशल क्लायमेट फंडाचे आराखडे ३० जून २०२५ पर्यंत द्यायचे होते आणि बऱ्याच देशांनी ती तारीख चुकवली. मंत्रालयाला घाई झाली की पहिली कात्री सल्लामसलतीला लागते. मसुदा शुक्रवारी येतो, अभिप्राय बुधवारपर्यंत मागतात, आणि अहवालात ‘सामाजिक भागीदारांचे (म्हणजे मालक-युनियनचे) मत घेतले’ असे वाक्य पडते. अशा वेळी युनियनने आपले मत लेखी आणि तारखेसह द्यावे, आणि त्यातले काय स्वीकारले, काय नाकारले याचा गोषवारा मागावा. आराखड्यात तो द्यावाच लागतो, हे अनेकांना माहीत नसते.

दुसरी गडबड माणसांची. जिल्हा पातळीवरच्या युनियनकडे निधीचे नियम वाचणारा पूर्णवेळ माणूस नसतो. मालकांची संघटना सल्लागार नेमते आणि युनियनचा प्रतिनिधी पाळी संपवून बैठकीला येतो. देखरेख समितीत मत एकेकच असले तरी तयारी सारखी नसते.

चांगल्या कराराचे एखादे उदाहरण?

स्पेनच्या कोळसा खाणींचे. परिषदेच्या २०१० च्या निर्णयानुसार, सरकारी मदतीवर चालणाऱ्या तोट्यातल्या खाणी ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बंद करायच्या होत्या, नाहीतर मदत परत करायची. तारीख डोक्यावर असताना ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकार, सीसीओओ, यूजीटी आणि यूएसओ या युनियन आणि खाणमालकांची संघटना कार्बूनिओन यांच्यात करार झाला. रक्कम २५ कोटी युरो. ४८ वर्षांवरच्या, पुरेशी सेवा झालेल्या खाणकामगारांना मुदतपूर्व निवृत्ती. बाकीच्यांना स्वेच्छेने सोडल्यास ठोक १०,००० युरो आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा पगार. शिवाय खाणीची जमीन पूर्ववत करण्याच्या कामावर आधी याच लोकांना घ्यायचे.

करारात वय, दिवस, रक्कम असे आकडे होते आणि काम कोणते तेही लिहिले होते, म्हणून तो टिकला. ‘कोणालाही वाऱ्यावर सोडणार नाही’ एवढेच लिहिले असते तर न्यायालयात दाखवायला काही उरले नसते.

पुढे कोळशाच्या वीज केंद्रांची पाळी आली. तेरुएल प्रांतातल्या आन्दोर्रा इथले १,१०१ मेगावॉटचे केंद्र जून २०२० अखेर बंद झाले. तिथे मोकळी झालेली ग्रिड जोडणी, १,२०२ मेगावॉट, सरकारने स्पर्धेत काढली आणि स्थानिक रोजगार, प्रशिक्षण, परिसरातल्या धंद्यांना वाव यांना गुण दिले. वीज वाहून नेण्याचा हक्क ही मोठी किमतीची गोष्ट आहे. तो फुकट सोडण्याऐवजी नोकऱ्यांच्या बदल्यात दिला, ही कल्पना कुठल्याही कोळसा जिल्ह्याने उचलण्यासारखी आहे. वेळेचा मेळ मात्र जमला नाही. केंद्र २०२० मध्ये थंड झाले आणि स्पर्धेचा निकाल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लागला. मधली वर्षे गावाने रिकामी काढली.

जर्मनी आणि पोलंडने काय केले?

जर्मनीने २०१८ मध्ये २८ मतदार सदस्यांचा आयोग नेमला. त्यात उद्योग, युनियन, पर्यावरण संस्था आणि कोळसा भागांचे लोक होते. जानेवारी २०१९ च्या अहवालात कोळसा उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवायचा आणि प्रभावित प्रदेशांना ४० अब्ज युरो द्यायचे ठरले. ५८ वर्षांवरच्या कामगारांना निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत कमाल पाच वर्षे समायोजन भत्ता मिळतो.

पोलंडमध्ये सरकार आणि खाण युनियन यांनी २८ मे २०२१ ला कातोवित्से इथे सामाजिक करारावर सह्या केल्या. खाणीगणिक बंद होण्याचे वर्ष दिले आहे आणि शेवटची खाण २०४९ ला. कामगाराला निवृत्तीपर्यंत कामाची हमी आहे. हवामानाच्या बाजूने पाहिले तर ही तारीख फार लांबची आहे, आणि इतकी वर्षे खाणींना सरकारी पैसा द्यायचा तर ब्रसेल्सची परवानगी लागते. तरीही खाणकामगाराला आपली खाण कोणत्या साली बंद होणार हे लेखी मिळाले, याचे मोल कमी नाही.

कंपनीने अचानक जाहीर केले की भट्टी बंद. कामगारांच्या हातात काय?

आधी आकडा मोजा. १९९८ च्या सामूहिक कपात निर्देशानुसार देशाला दोनपैकी एक मोजमाप निवडता येते. एकात ९० दिवसांत २० जणांची कपात धरतात. दुसऱ्यात ३० दिवसांत २० पेक्षा जास्त आणि १०० पेक्षा कमी माणसांच्या जागी १० जण, १०० ते ३०० च्या दरम्यान १० टक्के आणि ३०० किंवा त्याहून जास्त असतील तर ३० जण. रेषा ओलांडली की वेळेवर सल्लामसलत, लेखी माहिती आणि सरकारी कार्यालयाला सूचना हे सगळे सक्तीचे. सूचनेनंतर ३० दिवस कपात अमलात येत नाही. काही कंपन्या थोडे थोडे लोक काढून रेषेखाली राहायचा प्रयत्न करतात, म्हणून तारखांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

कंपनी अनेक देशांत असेल तर युरोपियन वर्क्स कौन्सिल, म्हणजे कंपनीने माहिती देऊन सल्ला घ्यायची कामगार प्रतिनिधींची परिषद, पाहा. युरोपीय महासंघात एकूण १,००० कर्मचारी आणि किमान दोन देशांत प्रत्येकी १५० असतील तर ती मागता येते. दोन देशांतल्या किमान दोन आस्थापनांमधून मिळून १०० कर्मचाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधींची लेखी मागणी पुरते.

देशाचा कायदा याहून धारदार असू शकतो. नेदरलँड्समध्ये ५० किंवा त्याहून जास्त माणसांच्या कंपनीत वर्क्स कौन्सिल बंधनकारक आहे आणि तिथल्या कायद्याच्या कलम २५ नुसार मोठ्या निर्णयाआधी तिचा सल्ला घ्यावाच लागतो. या यादीत पर्यावरणाशी संबंधित महत्त्वाचे उपायही आहेत. सल्ला अशा वेळी मागायचा की निर्णयावर त्याचा खरा परिणाम होऊ शकेल. कंपनीने सल्ला डावलला तर निर्णय एक महिना थांबतो आणि त्या महिन्यात ॲमस्टरडॅमच्या एंटरप्राइज चेंबरकडे (कंपन्यांचे वाद ऐकणारे न्यायालय) दाद मागता येते. महिना उलटला की दार बंद.

टाटा स्टीलचा यात उल्लेख नेहमी का येतो?

कारण मुख्यालय मुंबईत आणि भट्ट्या युरोपात. नेदरलँड्सच्या आयमाउडेन कारखान्यात २०२० च्या उन्हाळ्यात संप झाला आणि सक्तीच्या कपातीविरुद्ध २०२६ पर्यंतची हमी निघाली. पुढे कार्बन पकडून समुद्राखाली साठवण्याची कंपनीची योजना होती. एफएनव्ही युनियनने कामगारांमधूनच हायड्रोजनच्या वाटेचा, म्हणजे कोळशाऐवजी हायड्रोजनवर पोलाद करण्याचा, पर्यायी आराखडा मांडला. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने हायड्रोजनची वाट धरली. एप्रिल २०२५ मध्ये सुमारे १,६०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारी मदतीबाबत कमाल २ अब्ज युरोंच्या इरादापत्रावर सह्या झाल्या.

वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची गोष्ट वेगळी. ब्रिटन महासंघाबाहेर. तिथेही युनियनने एक ब्लास्ट फर्नेस काही वर्षे चालू ठेवून टप्प्याटप्प्याने बदलायचा पर्याय दिला होता. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने तो नाकारला आणि शेवटची भट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला थांबली. एकच मालक, एकच माल, पण युनियनचा आराखडा एका जागी निर्णयाच्या आधी पोचला आणि दुसऱ्या जागी निर्णय जवळजवळ झाल्यावर.

मालकांचे म्हणणे काय असते? ते नुसते विरोध करतात का?

नाही. विजेचा दर, परवानग्यांना लागणारी वर्षे आणि बाहेरून येणारा स्वस्त माल हे त्यांचे मुद्दे खरे आहेत, आणि पोलादात तर मालकांची युरोफर आणि कामगारांची इंडस्ट्रीऑल युरोप अनेकदा एकत्र मागण्या करतात. खटका उडतो तो सरकारी मदतीच्या अटींवर. युनियन म्हणतात, करदात्याचा पैसा घेतला तर नोकऱ्या आणि सामूहिक करार यांची हमी द्या. मालक म्हणतात, इतक्या अटी घातल्या तर गुंतवणूक दुसरीकडे जाईल. आमचे मत युनियनच्या बाजूने आहे. पण अट मोजता येईल अशी आणि ठरावीक वर्षांची हवी, नाहीतर ती कोणीच पाळत नाही.

उन्हात काम करण्याबद्दल काही नियम आहेत का?

सगळ्या महासंघाला लागू असा कमाल तापमानाचा नियम नाही. ईटीयूसी तो मागत आहे. देशोदेशी फरक आहे. बेल्जियममध्ये आर्द्रता आणि उन्हाची धग धरून मोजलेला डब्ल्यूबीजीटी निर्देशांक वापरतात: हलक्या कामाला २९, मध्यम कामाला २६, जड कामाला २२ आणि अतिजड कामाला १८. हे साध्या तापमापकाचे अंश नव्हेत. हा गोंधळ झाला की मालक म्हणतो ‘बाहेर २५ सुद्धा नाही’ आणि कामगार चक्कर येऊन पडतो. स्पेनमध्ये २०२३ पासून हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल आणि दुसरे उपाय पुरत नसतील, तर उघड्यावरचे काम कमी करावे किंवा त्याच्या वेळा बदलाव्या लागतात. व्हॅलेन्सियाच्या पुरानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे चार दिवसांची पगारी हवामान रजाही आली.

मी पुण्याहून जर्मनीत आलोय. मला यात भाग घेता येतो का?

येतो. राष्ट्रीयत्वाची अट नाही. किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कामगारांनी ठरवले तर बेट्रीब्सराट, म्हणजे वर्क्स कौन्सिल, निवडता येते. १६ वर्षांवरच्यांना मत, आणि १८ पूर्ण व सहा महिने सेवा झाली की उमेदवारी. नेहमीची निवडणूक चार वर्षांनी १ मार्च ते ३१ मे दरम्यान होते. युनियन ही वेगळी गोष्ट. धातू उद्योगातली युनियन इगे मेटाल, तिची वर्गणी एकूण पगाराच्या एक टक्का असते. भारतीय कंपनीने तात्पुरते पाठवले असेल तर करारपत्र कोणत्या देशातल्या कंपनीशी आहे ते आधी बघा, कारण बरेच हक्क त्यावर ठरतात.

करार हातात आला तर आधी काय वाचावे?

व्याख्यांचे पान. ‘कामगार’ या शब्दात ठेकेदाराची माणसे धरली आहेत का? वीज केंद्रात साफसफाई, देखभाल, कोळसा हाताळणी, उपाहारगृह हे सगळे बहुधा ठेक्यावर असते, आणि करार मूळ कंपनीच्या पटावरच्या लोकांपुरता असेल तर गावातली बरीच घरे बाहेर राहतात. मग पाहा: पैसा कोणाच्या अंदाजपत्रकातून येणार आणि सरकार बदलले तर तो कायद्याने बांधलेला आहे का. प्रशिक्षणाच्या काळात पगार चालू राहणार का, की आधी कामावरून कमी आणि मग वर्ग. वाद झाला तर कोणाकडे आणि किती दिवसांत जायचे. बंद होण्याची तारीख अलीकडे ओढली गेली तर रक्कम पुन्हा ठरणार का. जर्मनीत आरडब्ल्यूई या वीज कंपनीची ऱ्हाइन भागातली कोळसा बंद करण्याची तारीख २०३८ वरून २०३० वर आली, तेव्हा हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. आणि परिशिष्टे सोडू नका: निवृत्तीचे वय आणि सेवेची वर्षे कशी मोजायची, हे बहुतेक वेळा तिथेच असते.